कबरस्तानाच्या वहीत तू नव्हतीस

एतवारी,

तुला मातीत ठेवल्यावर तिसऱ्या दिवशी तुझा भाऊ पोहोचला आणि त्याला तू सापडली नाहीस.

सिमडेग्याहून बसने रांची, रांचीहून रेल्वेने पुणे, पुण्याहून लोकलने चिंचवड. फोनची बॅटरी वाटेतच संपलेली. विचारत विचारत जोहन चर्चपाशी आला, तिथून कुणीतरी त्याला कबरस्तानाचा रस्ता दाखवला. चौकीदाराने वही काढली, पानावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "एतवारी एक्का? या नावाचं कुणी न्हाई इथं." जोहन म्हणाला, बहीण आहे, याच आठवड्यात गेली, थेरगावात राहायची. चौकीदाराने पुन्हा बोट फिरवलं. "या आठवड्यात दोनच. एक म्हातारबाबा, आन् एक रूथ जाधव." जाधव हे मेहुण्याचं आडनाव, पण जाधव इथे पुष्कळ, आणि रूथ नावाची बहीण जोहनला नव्हती. तो फाटकाबाहेर रसवंतीच्या बाकावर बॅग मांडीवर घेऊन बसून राहिला. रसवाल्याने फोन चार्जिंगला लावू दिला, तेव्हा कुठे तुझ्या नवऱ्याला, विलासला कळलं आणि विलासने मला पिटाळलं.

मी रिक्षाने गेले. त्याला आत नेलं. फाटकापासून वीस पावलांवर तू होतीस गं! ओल्या मातीवर लाकडी क्रूस, त्यावर पांढऱ्या रंगात नाव. लिपी एकच, त्यामुळे त्याला वाचता आलं. वाचून झाल्यावर त्याने मला विचारलं, "दीदी, ये रूथ कौन है?"

तीस वर्षं मी चर्चमध्ये मुलांना शास्त्र, म्हणजे बायबल, शिकवते. रूथ कोण, हे मला झोपेत विचारलं तरी सांगेन. त्या दिवशी मी फक्त "यही है" म्हणाले. त्याने चपला काढल्या आणि मातीजवळ बसला. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली ती अजून तिथेच आहे.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी मला पहिल्यापासून बोलू दे. चौदा वर्षांत आपण हे एकदाही सरळ बोललो नाही.

विलास, माझा धाकटा भाऊ, चाकणच्या कंपनीत लाइन सुपरवायझर. तू त्याच लाइनवर गाड्यांच्या वायरिंगचे जोड लावायचीस, झारखंडहून कंत्राटावर आलेल्या मुलींपैकी एक. त्याने घरी सांगितलं, मुलगी ख्रिस्ती आहे. आईला आकाश ठेंगणं झालं. मग त्याने फोटो दाखवला. आमची आई नगरकडची, इतकी वर्षं शहरात काढून बोली तीच. म्हणाली, "ख्रिस्ती हाय म्हन्तोस, पन तोंड बघ की तिचं. जंगलातली वाटती. आन् नाव तरी ख्रिस्ती हाय का? एतवारी!"

एतवारी म्हणजे रविवारी जन्मलेली. प्रभूच्या दिवसाचं नाव. तेव्हा आमच्या चर्चच्या पाळकांच्या मुलीचं नाव स्वीटी होतं, ते कुणाला खटकलं नाही.

आमच्या लोकांची एक खोड तुला फार लवकर कळली. आम्ही जात विचारत नाही. आम्ही ख्रिस्ती, आमच्यात जात नसते! आम्ही गोड आवाजात विचारतो, "कुठल्या मिशनचे तुम्ही? मूळ गाव कोणतं?" उत्तर आलं की मनातल्या मनात माणसाला त्याच्या खणात ठेवून मोकळे होतो. तुला विचारलं तर तू "सिमडेगा" म्हणालीस. तसला खणच आमच्याकडे नव्हता. पंचांच्या सभेत एकाने शास्त्राचा दाखला काढला, की एज्राच्या काळात परक्या बायका घालवून दिल्या होत्या. दुसरा म्हणाला, विश्वास नसणाऱ्याशी विजोड जू नको. जू विजोड कशाने? देव एक, कंपनी एक, शिफ्टसुद्धा एक! पण हे मी आज म्हणते आहे. तेव्हा मी सभेत चहाचे कप भरत होते.

पंच म्हणजे मंडळीने, चर्चच्या सभासदांनी, निवडून दिलेली कारभारी माणसं. त्यांनी तोडगा काढला. लग्न आपल्या चर्चमध्ये लावायचं असेल तर मुलीने आधी सहा रविवार विश्वासाचं शिक्षण घ्यायचं आणि बाप्तिस्मा घ्यायचा. शिकवणार कोण? रविवारची शाळा चालवणारी शोभाताई. म्हणजे मी, तुझी होणारी नणंद.

पहिल्या रविवारी मी तुझ्यापुढे लहान मुलांचं चित्रांचं पुस्तक उघडलं. मेंढपाळ, मेंढरू. "हा कोण?" असं मी तुला विचारलं, एतवारी. चोवीस वर्षांच्या बाईला. तू शहाण्या मुलीसारखं उत्तर दिलंस. दुसऱ्या रविवारी मी प्रभूची प्रार्थना शिकवायला घेतली. तू डोळे मिटलेस आणि ती एका दमात तुमच्या कुडुख बोलीत म्हटलीस, मग हिंदीत म्हटलीस, आणि डोळे उघडून म्हणालीस, "बस मराठी में नहीं आता, दीदी. वो सिखा दीजिए." मग पर्समधून घडी घातलेला कागद काढलास. तुझा बाप्तिस्म्याचा दाखला. "मेरा हो चुका है. दादाजी ने किया था." तुझे आजोबा तिकडच्या गावांतून प्रचारक म्हणून फिरायचे. त्यांचे वडील घराण्यातले पहिले ख्रिस्ती. मी बोटांवर मोजलं. चार पिढ्या. आमच्याही चारच.

मी तो कागद घेऊन तेव्हाच्या पाळकांकडे गेले. एवढं तरी केलं. त्यांनी कागद उलटा-सुलटा केला. "ही कुठली मंडळी? आपल्या यादीत नाही. आणि मी पंचांना नवीन आत्मा प्रभूकडे आला म्हणून सांगून बसलोय, शोभाताई. दोनदा पाणी पडलं म्हणून काय बिघडतं?"

काय बिघडतं हे मला चांगलं ठाऊक होतं. बाप्तिस्मा एकच, हे दर वर्षी मुलांकडून पाठ करून घेणारी मीच. बाळपणी बाप्तिस्मा आमच्यातही देतात, माझा स्वतःचा तसाच झालेला. दुसऱ्यांदा द्यायचा म्हणजे पहिला झालाच नाही असं जाहीर करायचं. माझ्या पणजोबांना गावच्या विहिरीला हात लावू देत नव्हते. कुणी वरून ओतलं तर ते ओंजळीने प्यायचे. पहिल्यांदा बाप्तिस्म्याचं पाणी डोक्यावर पडलं तेव्हा ते ढसाढसा रडले, असं आमच्या घरात अजून सांगतात आणि सांगताना आमची मान ताठ होते. त्याच घराने तुझ्या आजोबांचं पाणी बाटलेलं ठरवलं! वेशीबाहेरच्यांची पोरं आम्ही, आणि जरा बूड टेकायला जागा मिळाली तर लगेच आमची स्वतःची वेस बांधून मोकळे.

तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "दीदी, आप बोलिए ना."

आणि मी म्हणाले, "होऊन जाऊ दे गं. लग्न महत्त्वाचं."

बाप्तिस्म्याच्या दिवशी पाळकांनी नाव विचारलं. लग्नात सुनेचं नाव बदलायची आमच्या गल्लीत सगळ्यांचीच रीत, ख्रिस्ती असो की हिंदू. तेव्हा सासरचं नाव आणि बाप्तिस्म्याचं नाव एकाच पाण्यात उरकलं. रूथ. परक्या मुलखातली सून, सासूच्या मागे आली, सासूचा देव तिने आपला मानला. किती शोभतंय म्हणून टाळ्या पडल्या. आईने पदराने डोळे पुसले. तू ओल्या केसांनी उभी होतीस आणि पाळकांकडे नाही, माझ्याकडे बघत होतीस.

पुढे तू आमच्या घरात अशी काही मिसळलीस की आम्हाला वाटलं, सगळं छान झालं. तुझ्या हातच्या भाकरीला आई नावं ठेवायची आणि दोन जास्त खायची. आईचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा चार महिने तू तिचं सगळं केलंस, नाइट शिफ्ट करून. नाताळात तू अरसा करायचीस, तांदूळ-गुळाचा, आमच्या अनारशाचा चुलतभाऊ. डबा आधी माझ्याकडे यायचा. मी सुट्टीला एकटी पडू नये म्हणून तू सलोनीला, तुझ्या पोरीला, माझ्याकडे धाडून द्यायचीस. माझ्या आयुष्यात एवढं माझं दुसरं कुणी पाहिलं नाही, हे मी तुला सांगितलं नाही. आता सांगते आहे, काय उपयोग?

रूथ म्हटलं की तू ओ द्यायचीस. पण एकदा पोळ्या लाटताना थांबलीस. तोवर तुझं मराठी माझ्यापेक्षा खणखणीत झालं होतं.

"ताई, रूथने देव बदलला ना? मी कुठं बदलला? माझा तर तोच होता."

"अगं, कौतुकाने म्हणतात."

"कौतुक करायला आधी परकं करावं लागतं का?"

मी पोळी उलटली. तुला उत्तर द्यायचं नसलं की मला तव्यावर फार कामं दिसायची.

माझी फिरकी घ्यायलाही तुला शास्त्रच लागायचं. मोशेने परक्या वंशाची, काळी बायको केली, त्याची बहीण मिर्याम त्यावरून बोलली आणि तिच्या अंगावर कोड उठलं, ती गोष्ट तुझी आवडती. "ताई, सांभाळून हं. बायकोला नावं ठेवली की देव नणंदेला पकडतो." आपण दोघी हसायचो. आता ती गोष्ट मला हसू आणत नाही. मिर्याम तोंडावर बोलली तरी. तिला शिक्षा झाली, सात दिवस छावणीबाहेर काढली, आणि ती परत येईपर्यंत सगळे लोक तिच्यासाठी थांबले. मी बोललेच नाही, म्हणून मला कुणी काही केलं नाही. उलट मी रविवारच्या शाळेची सुपरिंटेंडेंट झाले.

एका नाताळात तू पंचांकडे एवढंच मागितलंस, की एक कडवं तुमच्या भाषेत म्हणू द्या. मोशीच्या खोल्यांमध्ये राहणारी तुमच्याकडची दहा-बारा मुलं मागच्या बाकांवर येऊन बसायची, त्यांना बरं वाटेल. पंच नाही म्हणाले, आणि निरोप घेऊन मलाच धाडलं.

"ख्रिस्तात भेद नाही गं," मी म्हणाले, "आपण सगळे एकच."

"भेद नाही, तर मग मराठीच का?"

"अगं, स्वर्गात गेल्यावर सगळ्यांची भाषा एकच असणार आहे."

"मराठी?" तू विचारलंस.

मी चिडले. तू शांतपणे हरभरे सोलत म्हणालीस, "ताई, योहानाला स्वर्गाचं दर्शन झालं तेव्हा सिंहासनापुढं सगळ्या वंशांची, सगळ्या भाषांची माणसं दिसली ना? त्याला कळलं कसं? म्हणजे तिथंही तोंडं आपापली आणि बोली आपापली आहे. देवाने पुसली नाही. तुम्हाला काय एवढी घाई?"

या वादाचं उत्तर मी शोधत राहिले आणि मला मिळालं नाही, कारण तुझंच बरोबर होतं. ती मुलं पुढच्या नाताळाला आली नाहीत. चाकणमध्ये एका गाळ्यात जमून गाऊ लागली. तू मात्र आमच्यातच बसत राहिलीस, रूथ होऊन.

आणि यासाठीच मला तुझाही राग येतो. होय, मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण येतो! त्या दिवशी कबरीजवळून उठताना जोहन मला म्हणाला, "आप ही ने उसे मराठी सिखाई न, दीदी? घर पर बताती थी, चर्च में एक दीदी हैं, छह इतवार बिठाकर मराठी सिखाई." म्हणजे तू घरी हे सांगितलंस. तुझ्या बाबांना कळू दिलं नाहीस की त्यांच्या वडिलांनी दिलेला बाप्तिस्मा इथे चालला नाही. माझ्या पापावर पांघरूण घालायला तुला कुणी सांगितलं होतं? भांडली असतीस, मला चारचौघांत खोटं पाडलं असतंस, तर मी कधीतरी माफी मागितली असती. माझी तेवढीही सोय तू ठेवली नाहीस.

तापाच्या शेवटच्या दिवसांत तू मला विचारलंस, "ताई, तिकडं मला कोणत्या नावाने हाक मारतील?" मी म्हणाले, "वेड्यासारखं बोलू नको, गप्प पडून राहा." माझं तुझ्याशी झालेलं हे शेवटचं बोलणं. मंगळवारी तू गेलीस.

दफनाच्या उपासनेत आताच्या तरुण पाळकांनी प्रवचन केलं. कशावर केलं असेल? रूथवर. परकी असूनही आपल्यात आली, आपल्या देवाला तिने आपलं म्हटलं. आपल्या देवाला! सलोनी माझ्या शेजारी बसली होती. तिने माझा हात दाबून हळूच विचारलं, "आत्या, मम्मीचा देव आधी दुसरा होता?" मी नाही म्हणून मान हलवली. उठून मात्र उभी राहिले नाही. जोहनला तू सापडली नाहीस ते त्यानंतर.

माती बसली की दगड बसवायचा असतो. विलासने गवंड्याला नाव दिलं, रूथ विलास जाधव. मी म्हटलं, एतवारी लिही. तो म्हणाला, "ताई, आता कशाला उकरून काढतेस? वहीत जे आहे तेच दगडावर लागतं." तुला एतवारी म्हणायचा तो, पण घरात, दार लावल्यावर. मी त्याला नको नको ते बोलले. तुझ्यावर त्याचा जीव होता, त्यात खोट नाही. पण दाराबाहेर त्या जिवाचा काय उपयोग झाला?

मग मी पाळकांकडे गेले.

"देवाला तिचं नाव ठाऊक आहे, ताई," ते म्हणाले.

"देवाला ठाऊक आहे हो. चौकीदाराला नव्हतं."

माणूस चांगला आहे. म्हणाले, "कबरस्तानाची वही चर्चच्या नोंदवहीवरून भरतात. ती दुरुस्त करायची तर कारण लागेल. पहिला बाप्तिस्मा झाला होता, हे तेव्हा माहीत असूनही दुसरा दिला, असं कुणीतरी लेखी द्यावं लागेल. तेव्हाचे पाळक आता हयात नाहीत. दुसरं कुणाला माहीत होतं?"

"मला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पुढच्या महिन्यात तुमचा सत्कार आहे, ताई. तीस वर्षांच्या सेवेचा. जरा विचार करा." 

मी तुमच्या घरी जाऊन आईला सगळं सांगितलं. मला वाटलं, ती ओरडेल, घराण्याची अब्रू म्हणेल. ती ऐंशीच्या पुढे गेली आहे, खाटेवर बसून असते, दिवसातून दहा वेळा "माझी रूथ कुठाय" म्हणून रडते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तवाच का न्हाई बोलली गं तू? म्या अडाणी. तुला तर ठावं व्हतं." 

आईने माझ्यावर आयुष्यात कधी हात उगारला नाही. त्या दिवशी मात्र उगारला असता तर बरं, असं वाटलं.

गेल्या रविवारी चर्चमध्ये सूचना वाचून झाल्यावर मी उठले आणि माझ्या लेखी कबुलीचा कागद मीच वाचला. शाळेतल्या बाईचा आवाज तो, शेवटच्या बाकापर्यंत गेला. काही जण खाली बघत होते. एक पंच मध्येच म्हणाले, "शोभाताई, हे कमिटीत बोलू, इथं मंडळीपुढं नको." मी म्हटलं, "टाळ्या इथंच वाजवल्या होत्या." आणि पुढे वाचलं. बाहेर आल्यावर माझ्याशी कुणी धड बोललं नाही. एक बाई तेवढी जवळ येऊन कुजबुजली, "आमच्या सुनेचंही असंच केलंय हो," आणि इकडेतिकडे बघून निघून गेली. माझ्या वर्गातली मुलं फाटकाशी वाट बघत होती, त्यांना आयांनी हाताला धरून नेलं.

पंचांची सभा येत्या रविवारी आहे. नोंदवही दुरुस्त करतील की मला वर्गावरून काढतील, की दोन्ही, मला ठाऊक नाही. गवंड्याला मी थांब म्हटलं आहे. तो म्हणतो, दगड तयार आहे, नुसतं नाव सांगा. तुझा तो घडी घातलेला दाखला सलोनीने तुझ्या शास्त्रातून काढून दिला, तो मी अर्जाला जोडला आहे. सलोनी आता शाळेच्या वह्यांवर आईचं नाव एतवारी असं लिहिते, कुणालाही न विचारता. माझ्यापेक्षा धीट निघाली.

कागदाची एक प्रत हिंदीत करून मी जोहनला पाठवली. बाबांना मोठ्याने वाचून दाखव, म्हटलं, त्यांना कमी ऐकू येतं. तुझं ते मराठी शिकण्याचं खोटं मी मोडलं, त्याबद्दल मला माफ करू नकोस, भांड. शेवटी मी एवढंच लिहिलं आहे, की एतवारी एक्का आमच्याकडे आली तेव्हा तिचा बाप्तिस्मा झालेला होता. तिच्या आजोबांनी डोक्यावर घातलेलं पाणी पुरेसं होतं. आणि हे मला दुसऱ्याच रविवारी कळलं होतं.